दुर्बिणीला कोणता आयपीस घ्यायचा? गच्चीवरून आकाश बघणाऱ्यांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी ठाण्यात घोडबंदर रोडला मानपाड्याजवळ राहते आणि आमच्या बिल्डिंगच्या गच्चीवर ८ इंची डॉब (हाताने फिरवायच्या साध्या बैठकीवरची आरशाची दुर्बीण) लावते. दिवाळी झाली, आकाश मोकळं झालं की तेच ते प्रश्न सुरू होतात, कोणी लिफ्टमध्ये विचारतं, कोणी व्हॉट्सॲपवर दुर्बिणीच्या खोक्याचा फोटो टाकून "ताई हे चांगलं आहे का" विचारतं, म्हणून म्हटलं एकदाच सगळं लिहून काढू. उदाहरणं दोन दुर्बिणींची देतेय, एक माझी (२०३ मिमी आरसा, फोकल लेंथ, म्हणजे आरशापासून प्रतिमा तयार होते तिथवरचं अंतर, १२०० मिमी; १२०० भागिले २०३ म्हणजे साधारण एफ/६) आणि दुसरी नेरुळच्या माझ्या दिराची (१३० मिमी, फोकल लेंथ ६५०, एफ/५). तुमची वेगळी असेल तर आकडे तेवढे बदलून घ्या.

आयपीस म्हणजे नक्की कोणता भाग? आणि त्यावर २५, १० असं लिहिलंय ते काय?

आपण डोळा लावतो ती छोटी नळी, ती काढता-घालता येते. दुर्बिणीचा मोठा आरसा किंवा भिंग उजेड गोळा करून आत एक बारीकशी प्रतिमा तयार करतं आणि आयपीस ती प्रतिमा मोठी करून दाखवतो, सोनार डोळ्याला भिंग लावून अंगठीतला खडा बघतो ना, अगदी तेच काम. त्यावरचा आकडा म्हणजे आयपीसची फोकल लेंथ, मिलिमीटरमध्ये. दुर्बिणीच्या फोकल लेंथला त्या आकड्याने भागलं की किती पट मोठं दिसणार ते कळतं, माझ्या डॉबला २५ चा लावला तर १२०० भागिले २५ म्हणजे ४८ पट, १० चा लावला तर १२० पट. आकडा लहान तेवढं मॅग्निफिकेशन जास्त, हे उलटं आहे आणि पहिल्या महिन्यात सगळेच गोंधळतात, मीही अंधारात घाईघाईत २५ चा लावून "आता मोठा दिसेल बघा" म्हणून लोकांना बोलावलंय.

खोक्यावर ५२५ पट लिहिलंय. खरंच दिसतं का हो तेवढं?

नाही. तो आकडा कसा येतो सांगते. ७६/७०० ची (७६ मिमी आरसा, फोकल लेंथ ७००) छोटी दुर्बीण घ्या, तिच्यासोबत ४ मिमीचा आयपीस देतात, ७०० भागिले ४ म्हणजे १७५, त्यावर ३ पट बार्लो (आयपीसच्या आधी लावायचं, मॅग्निफिकेशन वाढवणारं भिंग), झाले ५२५. गुणाकार बरोबर आहे, पण ७६ मिमीच्या आरशाला तेवढा तपशील पकडताच येत नाही. ढोबळ हिशेब असा की आरशाच्या दर मिलिमीटरला फार तर २ पट, म्हणजे ७६ ला दीडशेच्या आसपास, आणि तेही हवा एकदम शांत असेल तर. त्यापुढे नेलं की चित्र मोठं होतं पण नवीन काहीच दिसत नाही, उलट अंधारतं, कारण मॅग्निफिकेशन दुप्पट केलं की तोच उजेड चौपट जागेवर पसरतो. पासपोर्ट साइज फोटोचा फ्लेक्स छापल्यासारखं होतं ते.

त्या ४ मिमीच्या आयपीसवर बहुतेक 'एसआर ४' लिहिलेलं असतं आणि २० च्या आयपीसवर 'एच २०'. एच म्हणजे ह्युजेन्स, ही रचना सतराव्या शतकातली आहे, आणि आर म्हणजे रॅम्सडेन, तीही अठराव्या शतकातली. जुनी आहे म्हणून वाईट असं नाही, पण एफ/५ च्या दुर्बिणीला ती झेपत नाही आणि एसआर ४ च्या भोकातून बघणं म्हणजे सुईत दोरा ओवण्याचा प्रकार आहे. तो डबीत ठेवून द्या आणि विसरून जा.

मग ठाणे-नवी मुंबईतून किती पट चालतं?

हे आरशापेक्षा हवा ठरवते. माझ्या ८ इंचीला कागदावर ४०० पट चालायला हवं, प्रत्यक्षात मी बहुतेक रात्री १३० ते १६० वर असते, चांगल्या रात्री २००, आणि ५ मिमी लावून २४० करून खरंच काही जास्त दिसलं अशा रात्री बोटावर मोजण्याइतक्या.

कारणं आपल्याच आजूबाजूला असतात. गच्चीचा स्लॅब दिवसभर तापलेला असतो आणि रात्री साडेनऊ-दहापर्यंत त्याच्यातून ऊब वर येत राहते, शेजारच्या टॉवरचे एसी गरम हवा फेकत असतात, आणि आपली दुर्बीण नुकतीच घरातून वर आणलेली असते त्यामुळे तिचा आरसाही बाहेरच्या हवेपेक्षा गरम असतो. गरम हवा वर चढताना तापलेल्या तव्यावरच्या हवेसारखी लहरत राहते आणि तिच्या पलीकडचा गुरू पाण्याखालच्या नाण्यासारखा हलतो. म्हणून दुर्बीण अर्धा-पाऊण तास आधी वर नेऊन ठेवायची, आणि एसींच्या रांगेवरून बघणं टाळायचं. आमच्याकडून येऊरच्या बाजूला, जंगलावरून, बऱ्यापैकी स्थिर दिसतं आणि कोळशेतच्या टॉवरांच्या बाजूला खिचडी.

नवीन आयपीस लावायच्या आधी साधी परीक्षा करा. व्याधाकडे नुसत्या डोळ्यांनी बघा, तो जर लाल-हिरवा-निळा चमकत थयथयाट करत असेल तर त्या रात्री शंभरच्या वर जाण्यात अर्थ नाही, चंद्र बघा आणि खाली या. आणि एक उलटी गोष्ट, थंडीतल्या धुरकट रात्री, जेव्हा चांदण्या मोजून दहा-बारा दिसतात आणि सगळे म्हणतात आज काही खरं नाही, तेव्हा हवा बरेचदा अगदी थांबलेली असते आणि ग्रह कोरल्यासारखे दिसतात.

अजून एक, आपण १९ अंश उत्तरेला आहोत त्यामुळे ग्रह आपल्याकडे खूप वर चढतात. २०२६ च्या सुरुवातीला गुरू मिथुन तारकासमूहात होता आणि मध्यरात्रीच्या सुमारास जवळजवळ डोक्यावर यायचा, म्हणजे हवेचा थर सगळ्यात कमी. (डॉबवाल्यांना मात्र बरोबर डोक्यावरची वस्तू पकडताना घाम फुटतो, तिथे तो वळतच नाही नीट. थोडा कलेपर्यंत चहा प्यायचा.)

पण दीडशे पट म्हणजे गुरू केवढासा दिसेल?

तुम्हाला वाटतो त्यापेक्षा खूप मोठा. गुरू जवळ असतो तेव्हा साधारण ४५ विकलांचा असतो (१ अंश म्हणजे ३६०० विकला, आणि चंद्र साधारण अर्ध्या अंशाचा), म्हणजे नुसतं ४० पट केलं तरी तो साध्या डोळ्यांना दिसणाऱ्या चंद्राएवढा होतो, १५० ला तर त्याच्या जवळपास पावणेचार पट. पण आयपीसमध्ये आजूबाजूला काळोख असतो, तुलनेला काही नसतं, म्हणून सगळे म्हणतात "एवढासाच?" मी एकदा पौर्णिमेच्या रात्री दिराला एक डोळा आयपीसला आणि दुसरा उघडा ठेवून चंद्राकडे, असं करायला लावलं, तेव्हा त्याला पटलं. जरा कसरत आहे पण करून बघा.

सोबत २५ आणि १० आलेत. आता पुढचा कोणता घेऊ?

सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न हाच, आणि लोकांना "६ घ्या" असं एका शब्दात उत्तर हवं असतं. पण जरा थांबा, आधी एक महिना आहेत त्याच दोन आयपीसवर काढा. त्याने तुम्हाला काय बघायला आवडतं ते कळेल, आणि मुख्य म्हणजे वस्तू शोधून फोकस करायचा हात बसेल.

आता हिशेब. दिवसा दुर्बीण मोकळ्या आकाशाकडे करा (सूर्याच्या आसपास अजिबात नको) आणि आयपीसपासून वीतभर लांब उभं राहून बघा, आयपीसच्या काचेवर एक छोटी उजळ टिकली तरंगताना दिसेल. ती एक्झिट प्युपिल. दुर्बिणीतून येणारा सगळा उजेड त्या टिकलीएवढ्या जागेतून डोळ्यात शिरतो. तिचा व्यास काढायचा तर आयपीसचा आकडा भागिले दुर्बिणीचा एफ आकडा. माझ्याकडे २५ भागिले ६, म्हणजे सव्वाचार मिमीच्या आत-बाहेर.

याचं आपल्याकडे एवढं महत्त्व का, तर आपलं आकाश काळं नाहीये. मॉल, हायवे, बांधकामांचे फ्लडलाइट, खाडीपलीकडची एमआयडीसी, सगळं मिळून रात्रभर वर एक दुधी उजेड असतो. टिकली मोठी असली, ५ मिमी वगैरे, की तो दुधी उजेडही तेवढाच भरभरून येतो आणि आयपीसमध्ये पार्श्वभूमी पातळ ताकासारखी दिसते. टिकली २ मिमीवर आणली की पार्श्वभूमी गडद होते, आणि तारे मात्र ठिपकेच राहतात त्यामुळे ते उठून दिसतात. हे मी डॉब घेतल्यावर दोन वर्षांनी शिकले, तोवर माझा समज होता की अंधुक वस्तूंना कमीत कमी मॅग्निफिकेशनच हवं. मृग नक्षत्रातला तेजोमेघ २५ ने बघून मग १२ ने बघितला त्या रात्री माझा समज बदलला, मधले ते चार दाटीवाटीचे तारे सुटे झाले आणि भोवतीचा धूसर पंखा उलट जास्त लांब पसरलेला दिसला.

म्हणून माझा सल्ला असा, तुमच्या दुर्बिणीच्या एफ आकड्याची दुप्पट करा आणि त्याच्या आसपासचा एक चांगला आयपीस घ्या, थोडे जास्त पैसे घालून. एफ/६ ला १२, एफ/५ ला १०, एफ/१० ला २०. हा दुर्बिणीला सगळ्यात जास्त वेळ लागलेला राहणार. त्यानंतर ग्रहांसाठी एफ आकड्याएवढाच, म्हणजे एफ/६ ला ६, एफ/५ ला ५, त्याने टिकली १ मिमीची होते, माझ्याकडे २०० पट आणि दिराकडे १३० पट. आणि कमी मॅग्निफिकेशनचा? सोबत आलेला २५ आहेच की, तो वस्तू शोधायला वापरा, त्याच्यावर लगेच पैसे घालू नका. बस, तीन झाले. मी स्वतः सात घेतले आणि त्यातले चार कपाटात पडून आहेत, आमच्या घरी आता "आयपीस" हा शब्द काढला की नवरा पाकीट लपवतो.

एफ/५ वाल्यांनी एक लक्षात ठेवा, सोबत आलेला १० मिमी बहुतेक वेळा सेटमधला सगळ्यात कच्चा भिडू असतो. तुमचा दुप्पटवाला आकडाही १०च येतो, तर "१० आहे ना आधीच" म्हणून सोडू नका, तोच आधी बदला.

प्लॉसल, केल्नर, ऑर्थो, नॅगलर... हे सगळं काय प्रकरण आहे?

आत किती काचा आणि कशा बसवल्यात त्याची नावं. केल्नर १८४९ चा, तीन काचा, स्वस्त आणि लांब फोकल लेंथच्या दुर्बिणीला छान. प्लॉसल १८६० चा, व्हिएन्नातल्या गेऑर्ग सिमोन प्लॉसलचा, चार काचा, साधारण ५० अंशांचं दृश्य (डोळा लावल्यावर दिसणाऱ्या गोलाची रुंदी), आजही पैसे वसूल करायचे तर हाच. ऑर्थोस्कोपिक १८८० चा, अर्न्स्ट आब्बेचा, दृश्य जरा अरुंद पण ग्रहांसाठी लोक त्याची शपथ घेतात. आणि मग अल नॅगलर, हा माणूस आधी नासाच्या अपोलो मोहिमांच्या सिम्युलेटरची ऑप्टिक्स करायचा, अंतराळवीरांना सरावात खिडकीभर आकाश दिसलं पाहिजे म्हणून, आणि १९८० च्या सुमारास त्याने ८२ अंशांचा आयपीस बाजारात आणला, ज्यात डोळा लावला की कडाच दिसत नाही. भारी असतो, वजनानेही आणि किमतीनेही.

आपल्याला मधली वाट आहे. ६०-७० अंशांचे चिनी आयपीस मिळतात, लाल किंवा सोनेरी पट्टीवाले, ६, ९, १५, २० असे येतात आणि ६६ अंश म्हणून विकतात. माझ्याकडचा ६ तोच आहे आणि त्याच्या किमतीत मला तरी दुसरं काही सापडलं नाही.

पण एवढ्या रुंद दृश्याचं करायचं काय? ग्रह तर मधोमधच बघायचाय.

मोटर नसलेल्या दुर्बिणीला खूप फरक पडतो. आकाश दर चार मिनिटांना १ अंश सरकतं. मी २०० पटीवर ५० अंशांचा प्लॉसल लावला तर आकाशाचा जेमतेम पाव अंश (५० भागिले २००) दिसतो, म्हणजे गुरू एका कडेने आत येऊन दुसऱ्या कडेने एका मिनिटात बाहेर. ६८ अंशांचा असेल तर १ मिनिट २० सेकंदांच्या वर, ८२ चा असेल तर दीड मिनिटाच्या पुढे. वीस सेकंद म्हणजे काय असं वाटेल, पण मागे सोसायटीतली आठ पोरं रांगेत उभी असताना आणि प्रत्येक दुसरं पोर "काकू, गेला" म्हणत असताना ते वीस सेकंद फार मोलाचे वाटतात.

तोटा असा की एफ/५ सारख्या दुर्बिणीत स्वस्त रुंद आयपीसच्या कडेचे तारे उडत्या बगळ्यासारखे पसरतात, आणि थोडा दोष आरशाचाही असतो त्यात. मला त्याचा त्रास होत नाही, मधलं दोन तृतीयांश नीट असलं की मी खूष. दिराला मात्र ते एकदा दिसल्यापासून दुसरं काही दिसतच नाही. स्वभाव आपापला.

बार्लो घेऊ का? एकात दोन कामं होतात म्हणे.

होतात. २ पट बार्लो २५ चा साडेबारा करतो आणि १० चा ५. शिवाय बारीक आयपीसमध्ये डोळा काचेला चिकटवावा लागतो तो त्रास वाचतो, कारण मोठा आयपीस आरामातच राहतो. पण बार्लो घ्यायचा तर २ पटच आणि काचेच्या भिंगांचा, सोबत फुकट येतो तो ३ पटवाला प्लास्टिकचा नको. आणि आकडे आधी मांडून बघा, कोणी २४, १२ आणि २ पट बार्लो घेतला तर १२ दोनदा झाला की.

झूम आयपीस?

८ ते २४ चा येतो, मुठीत धरून फिरवला की झालं. ८ च्या टोकाला दृश्य ६० अंशांपर्यंत असतं पण २४ च्या टोकाला ४० च्या आसपासच, म्हणजे जिथे मोकळं आकाश हवं तिथेच बोगद्यातून बघितल्यासारखं. पण आज हवेला किती झेपतंय ते फिरवून लगेच कळतं, तेवढ्यासाठी मला आवडतो. ज्यांना गच्चीवर एकच वस्तू घेऊन जायचीय त्यांनी बिनधास्त घ्यावा.

मला चष्मा आहे. काढायचा की ठेवायचा?

नुसता लांबचा किंवा जवळचा नंबर असेल तर काढून ठेवा, फोकसचं चाक फिरवलं की नंबर भरून निघतो (तुमच्यानंतर बघणाऱ्याला परत फिरवावं लागेल, भांडू नका). सिलिंड्रिकल नंबर जास्त असेल तर मात्र मोठ्या आयपीसला तारे चिरलेले दिसतात, तिथे चष्मा लागतो. एक्झिट प्युपिल लहान झाली की हा त्रास आपोआप कमी होतो कारण डोळ्याच्या मधल्या छोट्याशा भागातूनच उजेड जातो.

चष्मा ठेवून बघायचं तर आय रिलीफ बघा, म्हणजे काचेपासून डोळा किती लांब ठेवता येतो ते, निदान १५ मिमी, २० असेल तर उत्तम. प्लॉसलमध्ये ते त्याच्या आकड्याच्या साधारण ७०-८० टक्के असतं, म्हणजे ३२ चा आरामात, १० चा ७-८ मिमी, आणि ४ चा तर पापणी काचेला घासते.

सव्वा इंच की दोन इंच?

आधी तुमच्या फोकसरचं, म्हणजे आयपीस ज्यात बसतो त्या पुढे-मागे होणाऱ्या नळीचं, तोंड मोजा. ३१.७ मिमी म्हणजे सव्वा इंच, जवळपास सगळ्यांकडे तेच असतं. जुन्या खेळण्यातल्या दुर्बिणींना २४.५ मिमीचंही असतं, त्यांना आजचे आयपीस बसत नाहीत, ऑर्डर करायच्या आधी पट्टी लावून बघा.

सव्वा इंची नळीतून जेवढं आकाश मावतं त्याला मर्यादा आहे, ३२ मिमीच्या प्लॉसलमध्ये ती जवळपास गाठली जाते. ४० मिमीचा घेतला तर मॅग्निफिकेशन कमी होईल पण आकाश तेवढंच, फक्त भोवती काळं रिंगण जाडं. माझ्या डॉबवर ३२ ने सव्वा अंशापेक्षा थोडं जास्त दिसतं आणि कृत्तिका त्यात पुरत्या मावत नाहीत, मुख्य तारे येतात आणि बाकीचे कडेबाहेर. दिराच्या १३० वर तोच ३२ चा आयपीस अडीच अंश दाखवतो, कृत्तिकांचा अख्खा घोस. त्या एका गोष्टीवरून तो मला अजून चिडवतो. डॉबला दोन इंची फोकसर आहे, पण ठाण्यातून तेवढं रुंद दुधी आकाश बघण्यासाठी दोन इंची आयपीसचे पैसे मला तरी जीवावर येतात.

दीर्घिका काही केल्या दिसत नाहीत. कोणता आयपीस लागेल?

रेल्वेचं तिकीट लागेल. खरंच सांगते, देवयानीतली दीर्घिका आमच्या गच्चीवरून मधला एक पुसट डाग एवढीच दिसते आणि आयपीस कितीही महाग लावला तरी डागच राहतो. वांगणीला खगोल मंडळाचे रात्रभराचे आकाशदर्शनाचे कार्यक्रम होतात तिथे जा, किंवा मुरबाड-माळशेजच्या बाजूला, तुमचा सोबत आलेला २५ तिथे एकदम वेगळाच आयपीस वाटेल.

शहरातून चंद्र, ग्रह, जोडतारे आणि ठसठशीत तारकागुच्छ हे आपलं खातं. पाऊस संपल्यावर हंसाच्या चोचीतला जोडतारा बघा, एक सोनेरी एक निळसर, पन्नास पटीलाही सुटा होतो. एप्रिल-मेमध्ये नरतुरंगातला ओमेगा सेंटॉरी हा तारकागुच्छ बघा, तो आपल्याकडून दक्षिणेला क्षितिजापासून २३ अंशांच्या आसपास वर येतो, युरोपातल्या बहुतेकांना तो दिसतच नाही. १२ मिमीने बघा, कोणीतरी रवा सांडल्यासारखा दिसतो, दक्षिणेला उजेड कमी असला तर.

फिल्टर घेतले तर शहराचा उजेड कापला जाईल का?

जुन्या पिवळ्या सोडियम दिव्यांच्या काळात बऱ्यापैकी कापला जायचा. आता सगळीकडे पांढरे एलईडी आले, त्यांच्यात सगळेच रंग असतात, फिल्टर काय काय अडवणार. यूएचसी किंवा ओ-थ्री फिल्टर (ठरावीक रंगाचाच उजेड आत सोडणारे) मृगातल्या तेजोमेघासारख्या वायूच्या ढगांना मदत करतात, दीर्घिकांना आणि गुच्छांना नाही. चंद्राला फिल्टर नसला तरी चालतं, डोळे दिपतात एवढंच, गच्चीवरचा दिवा चालू ठेवून बघितलं की दिपतही नाहीत.

आणि सूर्य. आयपीसला खालून लावायचा छोटा काळा 'सन' लिहिलेला फिल्टर जुन्या सेटमध्ये मिळतो, तो आत्ताच्या आत्ता फेकून द्या, कोणाला देऊही नका. सगळा उजेड गोळा होऊन तिथे पडतो, काच तडकू शकते आणि डोळा कायमचा जातो. सूर्यासाठी फिल्टर दुर्बिणीच्या पुढच्या तोंडावरच लागतो, घट्ट बसणारा, दरवेळी भोक-चिरा तपासून.

पावसाळ्यात आयपीस कुठे ठेवायचे?

इथे माझी एक शिक्षा झालेली आहे. पहिल्या वर्षी सगळे आयपीस त्यांच्या स्पंजच्या खोक्यात घालून जूनमध्ये माळ्यावर ठेवले आणि ऑक्टोबरमध्ये काढले. १० मिमीच्या काचेत, आतल्या बाजूला, कोळ्याच्या जाळ्यासारखे पांढरे बारीक धागे. फंगस. स्पंज चार महिने दमट हवा पिऊन बसला होता. घडलं ते माझ्या आळसाने, दोष कोणाला देणार.

आता घट्ट झाकणाचा डबा, पोह्यांसाठी वापरतो तसा, त्यात सिलिका जेलची पुडी, रंग बदलला की नवीन. पावसाळ्यात महिन्यातून एकदा उघडून काचेवर टॉर्च मारून बघते, स्पंज-चामडं काही आत नाही. आणि थंडीत वापरून खाली आणलेला आयपीस दवाने ओला असेल तर झाकण लावून कोंडायचा नाही, पंख्याखाली पूर्ण सुकू द्यायचा.

काच कशी पुसायची?

शक्यतो पुसायचीच नाही. घोडबंदरची धूळ म्हणजे निम्मं सिमेंट, ओढणीने पुसलंत तर पॉलिश पेपर फिरवल्यासारखं होईल. आधी रबरी ब्लोअरने उडवा, मग मऊ ब्रश, आणि पापणीचा तेलकट डाग असेल तरच कापसाच्या काडीला लेन्स क्लीनरचा थेंब लावून हलक्या हाताने, थेंब काडीवर टाकायचा, काचेवर नाही. आयपीस उघडायचा तर विचारही नको. दिराने एकदा २५ चा उघडला, पेपरवर तीन काचा मांडल्या आणि तेवढ्यात दारावरची बेल वाजली. परत येईपर्यंत कोणती काच कोणत्या बाजूने होती ते विसरला, आणि तो आयपीस आजही सगळं जरा गोल-गोल दाखवतो.

सेकंडहँड घेतला तर?

घ्या की, आयपीसमध्ये झिजण्यासारखं फारसं काही नसतं. टॉर्च एका बाजूने मारून दुसऱ्या बाजूने तिरकं बघा, धागे दिसले तर नमस्कार करून निघा. धुळीचे दोन-चार कण चालतात. बॅरलवर स्क्रूचे ओरखडे असले तर तो वापरलेला आहे एवढंच, उलट किंमत पाडायला बरे. बाहेरून मागवणार असाल तर कस्टम लागू शकतं, तो हिशेब आधीच धरा.

मोबाईलने फोटो काढायला कोणता लावू?

२५ किंवा ३२. मोबाईल होल्डर लावा, चंद्रावर टॅप करून ब्राइटनेस खाली ओढा, टायमर लावा. ग्रहांचा फोटो नको, व्हिडिओ घ्या.

पाहुणे आले तर काय लावून ठेवू?

सुरुवात नेहमी २५ ने आणि चंद्राने, तेही पौर्णिमेच्या नाही तर सप्तमी-अष्टमीच्या, तेव्हा उजेड-अंधाराच्या सीमेवर विवरांच्या सावल्या लांब पडतात. मग १२. ६ चा फक्त ज्यांना परत एकदा बघायचंय त्यांना. शनीला १२ नेही कडी स्वच्छ दिसते (२०२५ च्या मार्चमध्ये ती आपल्याकडे अगदी कडेने होती, त्यानंतर हळूहळू उघडतेय, त्यामुळे जुन्या फोटोएवढी रुंद नाही म्हणून आयपीसला शिव्या घालू नका).

खरी अडचण आयपीसची नसते. माझ्या सासूबाई बघायला वाकल्या की आधाराला फोकसर धरायच्या आणि शनी गायब, मी परत लावायचे, त्या परत धरायच्या. आता मी दुर्बिणीशेजारी एक प्लास्टिकची खुर्ची उलटी ठेवते आणि त्यांना तिची पाठ धरायला सांगते. तेव्हापासून बिल्डिंगमधले सगळे ज्येष्ठ तीच खुर्ची धरतात.

तुमच्या गच्चीवर येऊन वेगवेगळे आयपीस लावून बघता येतील का?

या की. किल्ली वॉचमनकडे असते, आधी एक दिवस सांगा म्हणजे सेक्रेटरीकाकांना विचारून ठेवते. साडेनऊनंतर या, तोवर स्लॅब बराचसा निवलेला असतो. दहा वाजता पंप लागतो आणि वरच्या टाकीत पाणी पडायला लागलं की ६ मिमीमध्ये गुरू सात-आठ मिनिटं थरथरतो. तेवढा वेळ २५ चा लावून चंद्र बघायचा.